धारेमागचा दगड

कठोपनिषदाच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या वल्लीत वस्तऱ्याच्या धारेची उपमा येते. आत्मज्ञानाचा मार्ग त्या धारेसारखा दुर्गम आहे, असे तेथे सांगितले आहे. ही उपमा इतकी प्रसिद्ध झाली की १९४४ साली सॉमरसेट मॉमने आपल्या कादंबरीचे नावच तिच्यावरून ठेवले. भाष्यकारांपासून वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकांपर्यंत सर्वांचे लक्ष त्या धारेवरून चालणाऱ्या पावलांकडे असते. मंत्रात मात्र धारेला एक विशेषण आहे, त्याकडे आपण सहसा थांबून पाहत नाही. ते म्हणजे 'निशिता'. मराठीत याचा अर्थ 'तीक्ष्ण' असा देऊन आपण पुढे जातो. परंतु 'निशित' हे भूतकालवाचक धातुसाधित आहे. 'शो' या धातूचा अर्थ धातुपाठात 'तनूकरण', म्हणजे पातळ करणे, असा दिलेला आहे. निशित म्हणजे घासून घासून पातळ केलेली, पाजवलेली. ती धार आपोआप तीक्ष्ण नाही. कुणीतरी आदल्या दिवशी, किंवा त्याच दिवशी पहाटे, दगडावर बसून ती तशी केलेली आहे.

हा 'कुणीतरी' आपल्या वाङ्मयात फारसा दिसत नाही. धार दिसते, धारेने कापलेले दिसते, धारेवरून चालणारे दिसतात. धार लावणारा हात बहुधा चौकटीबाहेर राहतो. या लेखात त्या हाताचा, आणि त्याला लागणाऱ्या अत्यल्प साहित्याचा, थोडा मागोवा घ्यायचा आहे.

उपनिषदापेक्षाही जुना उल्लेख ऋग्वेदात आहे. आठव्या मंडलातील चौथ्या सूक्तात ऋषी देवाला विनवतो की वस्तरा पाजवावा तसे आम्हाला पाजव. क्रियापद त्याच धातूचे आहे. येथे धार हे भय नसून मागणे आहे, आणि देव हा धार लावणारा आहे. वस्तरा कशात किंवा कशावर पाजवायचा, हे सांगताना ऋषीने 'भुरिज्' या शब्दाचे द्विवचन वापरले आहे आणि तेथे पंडितांची पंचाईत झाली आहे. कुणी त्याचा अर्थ कात्री असा केला, कुणी धार लावण्याच्या उपकरणाच्या दोन बाजू असा. एका साध्या कारागिरी अवजाराचे नाव हरवले की वेदाची एक ओळ अंधारात जाते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

सुश्रुताच्या बाबतीत असा अंधार नाही. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात, शस्त्रांविषयी बोलताना, तो धार लावण्याची सामग्री स्पष्टपणे नोंदवतो. ती सामग्री दोनच वस्तूंची आहे: उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड आणि शाल्मलीची, म्हणजे आपल्या काटेसावरीची, फळी. दगड धार आणण्यासाठी, फळी आणलेली धार 'बसवण्यासाठी'. धारेच्या जाडीची मापेही दिलेली आहेत. भेदनाच्या शस्त्राची धार मसुराएवढी, लेखनाच्या शस्त्राची त्याच्या निम्मी, व्यधन-विस्रावणाच्या शस्त्रांची केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी. आणि कसोटी कोणती, तर शस्त्राने केस कापला गेला पाहिजे. सुश्रुत शल्यचिकित्सकाच्या शस्त्रांविषयी बोलत आहे, न्हाव्याच्या वस्तऱ्याविषयी नव्हे, हे खरे. पण कारागिरीचे तत्त्व एकच आहे आणि त्यात पुढील दोन हजार वर्षांत फारशी भर पडलेली नाही. कठीण पृष्ठावर घासून पोलाद कमी करायचे आणि मऊ पृष्ठावर फिरवून उरलेली कड सरळ करायची. सावरीचे लाकूड मऊ असते. न्हाव्याने त्या जागी चामडे वापरले, एवढाच फरक.

बौद्ध विनयात हीच सामग्री वेगळ्या कारणाने मोजली गेली. भिक्षूला किती वस्तू बाळगता येतील, हा तेथे धर्माचा प्रश्न होता. चुल्लवग्गात बुद्ध विचारतो की भिक्षू एकमेकांचे मुंडन करू शकतील काय. करू शकतील असे कळल्यावर तो वस्तरा, वस्तऱ्याचा दगड, वस्तऱ्याचे वेष्टन, नमदा आणि एकूण सर्व 'खुरभंड' यांना परवानगी देतो. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसालाही दगड सोडता येत नाही, कारण दगडाशिवाय वस्तरा काही दिवसांतच लोखंडाची पट्टी होऊन बसतो. जैन मुनींनी केशलोचाचा मार्ग धरला. हाताने केस उपटायचे, साधन मुळीच नको. अपरिग्रहाची ती शेवटची पायरी म्हटली पाहिजे.

महावग्गात एक छोटी कथा आहे, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आतुमा गावी पूर्वाश्रमीचा न्हावी असलेला एक म्हातारा भिक्षू होता. बुद्ध मोठ्या संघासह येणार असे कळल्यावर त्याने आपल्या दोन मुलांना न्हाव्याचे साहित्य घेऊन घरोघर पाठवले: मीठ, तेल, तांदूळ जे मिळेल ते आणा. मुले कसबी होती. ज्यांना हजामत करायची नव्हती त्यांनीही ती करून घेतली आणि पुष्कळ शिधा जमला. बुद्धाला हे कळले तेव्हा त्याने दोष दिला आणि नियम घालून दिला की जो पूर्वी न्हावी होता त्याने न्हाव्याचे साहित्य जवळ बाळगू नये. म्हणजे तीच धोकटी इतर भिक्षूंना चालते, न्हाव्याला चालत नाही. इतरांच्या हाती ती गरजेची वस्तू असते, त्याच्या हाती ते उत्पन्नाचे साधन होते. आणि हा नियम ज्या विनयात आहे, त्या विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार म्हणून परंपरा ज्याला मानते तो उपाली स्वतः न्हावीच होता.

पालीतील 'नहापित' या शब्दात न्हाऊ घालणारा हा अर्थ अजून जिवंत दिसतो. संस्कृतातील 'नापित'मध्ये तो पुसट झाला. मराठी 'न्हावी'ने मात्र 'न्हा' टिकवला. पाण्याशी असलेले हे नाते केवळ व्युत्पत्तीचे नाही. केस पाणी शोषतो तेव्हा तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला सोपा जातो. वस्तऱ्याची धार टिकवण्याचा पहिला उपाय दगड नसून पाणी आहे. गावचा न्हावी वाटीतले पाणी घेऊन डोके किंवा दाढी बराच वेळ चोळत बसे, ते गिऱ्हाइकाच्या सुखासाठी जितके तितकेच वस्तऱ्याच्या आयुष्यासाठी. 'बिनपाण्याने हजामत करणे' हा वाक्प्रचार आपण अपमानाच्या संदर्भात वापरतो. त्यातली आग गालावर होते हे खरे, पण नुकसान पात्याचेही होते.

न्हाव्याच्या साहित्याच्या पिशवीला मराठीत धोकटी म्हणतात. वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा, वाटी, निसणा म्हणजे धार लावण्याचा दगड, आणि चामड्याचा पट्टा. एवढ्यावर गावगाडा चालत असे. बलुतेदारीत न्हाव्याचे काम हजामतीपुरतेही नव्हते. अंग रगडणे, लग्नकार्यात मशाल धरणे, निरोप पोहोचवणे हेही त्याच्याकडेच असे आणि मोबदला वर्षाकाठी खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. लोहाराचा भाता किंवा कुंभाराचे चाक यांच्या मानाने धोकटी अगदीच हलकी. तिच्या हलकेपणाचे कौतुक करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की ती हलकी ठेवण्यात वैराग्याचा काही संबंध नव्हता. एकाच वस्तऱ्यावर आयुष्य काढायचे, आणि जमल्यास तो मुलाला द्यायचा, हा त्या अर्थव्यवस्थेचा हिशेब होता.

म्हणूनच धार लावण्याची रीत काटकसरीची आहे. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि पोटाचा भाग पोखरल्यासारखा पातळ. पाते दगडावर आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. धारेचा कोन पाठीच्या जाडीनेच ठरून जातो. तो मोजावा लागत नाही, हाताने सावरावाही लागत नाही. सुरीला धार लावणाऱ्याला जो कोन सरावाने सांभाळावा लागतो, तो वस्तऱ्याच्या घडणीतच आहे. दगडावर थोडे पाणी किंवा तेल घ्यायचे, धार पुढे ठेवून पाते सरकवायचे, टोकाला पोचल्यावर पाठीवरून उलटायचे आणि परत यायचे. दाब जवळजवळ नाहीच. चामड्यावर दिशा उलटी होते. तेथे पाठ पुढे आणि धार मागून येते, नाहीतर चामडे कापले जाते आणि धारही जाते. उलटताना नेहमी पाठीवरून, धारेवरून कधीही नाही. दगड महिन्यामहिन्यांनी लागतो, चामडे रोज. पट्टा हाताशी नसेल तर तळहात किंवा मनगटाच्या वरचा हात. माणसाची त्वचा हेही चामडेच आहे आणि तिला स्वतःचे तेल असते. शिकलगाराच्या फिरत्या चाकावर वस्तरा देणे धोक्याचे, कारण घर्षणाने पातळ कड तापते आणि पात्याचे 'पाणी' उतरते.

'पाणी' हा शब्दही असाच. पोलाद तापवून विझवणे म्हणजे त्याला पाणी पाजणे, असे मराठी म्हणते. सुश्रुतही याला 'पायना' म्हणतो आणि क्षार, पाणी, तेल असे तिचे तीन प्रकार देतो. शस्त्र तहानलेले असते ही कल्पना दोन्हीकडे सारखी आहे. धार लावण्यासाठी मराठीत जे क्रियापद आहे ते तर अग्नीचे. आपण दिवाही पाजळतो आणि सुरीही पाजळतो. संस्कृतातील प्रज्वलनापासून आलेला हा शब्द चकाकणाऱ्या कडेकडे पाहून शस्त्राला चिकटला असावा. आज तो बहुधा 'अक्कल पाजळणे' या उपरोधात उरला आहे. कारागिरी गेली की तिचे क्रियापद थट्टेच्या कामी येते, असे दिसते. (जाता जाता: हिंदीतल्या म्हणीत माकडाच्या हाती उस्तरा असतो, मराठीतल्या म्हणीत कोलीत. फारसीतून आलेला 'उस्तुरा' आपण 'वस्तरा' म्हणून घेतला, पण माकडाच्या हाती दिला नाही.)

पोलादाचा इतिहास हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण त्यातला एक धागा मुंबईतून जातो. १७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट याने 'वूट्झ' या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्सकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने त्यावर रॉयल सोसायटीत निबंध सादर केला. लंडनचा शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट या पोलादाच्या इतका प्रेमात पडला की आपल्या जाहिरातीत त्याने ते युरोपातील उत्तमोत्तम पोलादापेक्षा सरस ठरवले. पुढे त्याने आणि मायकेल फॅरडेने मिळून पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. १८२० आणि १८२२ सालचे त्यांचे निबंध धातुशास्त्राच्या इतिहासात मोजले जातात. इकडे मात्र शेफील्ड आणि झोलिंगेनचे तयार वस्तरे बाजारात आले. पाते परदेशी झाले. दगड, चामडे आणि तळहात इथलेच राहिले.

आता संत सेना न्हाव्याकडे वळू. सेनामहाराजांचा हजामतीवरचा अभंग शाळेपासून सर्वांच्या परिचयाचा आहे. व्यवसायाच्या रूपकातून अध्यात्म सांगणाऱ्या अभंगांत, सावता माळी आणि गोरा कुंभार यांच्या बरोबरीने, तो नेहमी उद्धृत होतो. त्यातली साधने आठवून पाहावीत. विवेकाचा आरसा आहे, वैराग्याचा चिमटा आहे, शांतीचे पाणी आहे. अहंकाराची शेंडी पिळली जाते, बगला झाडल्या जातात, कामक्रोधाची नखे काढली जातात. आणि वस्तरा? तो कोठेही नाही. निसणा नाही, पट्टा नाही. बारीक हजामतीची ग्वाही पहिल्याच ओळीत देणाऱ्या अभंगात हजामतीचे मुख्य हत्यारच अनुल्लेखित आहे.

यावर फार मोठा सिद्धांत उभारणे धाडसाचे होईल. रूपकात सगळे यावे असा नियम नाही. तरी दोन शक्यता सुचतात. एक अशी की स्वतः धार लावणाऱ्याला धार ही उपमा वाटतच नाही. कठोपनिषदाच्या ऋषीला ती भयचकित करते, कारण तो तिच्याकडे दुरून पाहतो. सेनामहाराज तिच्याकडे पाठीच्या बाजूने पाहतात, जिथून ती पकडायची असते. दुसरी शक्यता अशी की अभंगाचा सारा भर मार्दवावर आहे: दाखवणे, चोळणे, झाडणे. महिपतीने सांगितलेल्या कथेत सेना पूजेत गुंतलेले असताना देव स्वतः धोकटी घेऊन राजाकडे जातो आणि राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसते. तेथेही साक्षात्कार घडतो तो वाटीत. मला पहिली शक्यता अधिक पटते, पण ती सिद्ध करता येणार नाही.

अभंगाचा शेवट चारही वर्णांना हात देऊन निवांत होण्यात आहे. त्या 'चार' शब्दापाशी आजच्या वाचकाला थांबावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाविषयी लिहून ठेवलेल्या आठवणींत सांगितले आहे की साताऱ्यात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपतही होती, पण अस्पृश्याचे केस कापायला एकही न्हावी तयार नव्हता. त्यामुळे भावांचे केस थोरली बहीण कापत असे आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. चार वर्णांच्या बाहेर एक घर होते आणि त्या घरात एका मुलीने कुणाच्याही धोकटीशिवाय हे कसब कमावले होते. न्हाव्याच्या कमीत कमी साहित्याचा इतिहास लिहिताना ही नोंद वगळता येत नाही. ज्याला स्वतःला गावाने अंगणापलीकडे येऊ दिले नाही, त्यानेही आपल्या वस्तऱ्याची हद्द आखून ठेवली होती.

आणि त्याच वस्तऱ्याने एकदा दुसऱ्या दिशेनेही नकार दिला. विधवांच्या केशवपनाची चर्चा एकोणिसाव्या शतकात धर्मशास्त्र, सुधारणा आणि स्त्रियांचे दुःख अशा तीन अंगांनी झाली. चौथे अंग व्यवसायाचे होते. केशवपन एकदा करून संपत नसे. केस वाढतात, आणि वाढले की पुन्हा न्हावी बोलवावा लागे. त्याच्या मिळकतीचा तो एक नियमित भाग होता. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी, जे मुंबईत 'दीनबंधु' चालवीत आणि गिरणी कामगारांची संघटना उभारत होते, १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांना एकत्र केले आणि विधवांचे मुंडन करायचे नाही असा ठराव त्यांनी केला. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही त्याच वर्षी, लोखंड्यांच्याच प्रयत्नांनी. जोतीराव फुले त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात गेले.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला १८९० हे साल वेगळ्या कारणाने पाठ असते. हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' त्या वर्षी सुरू झाले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. यमूचे सक्तीचे केशवपन हा मराठी कादंबरीतील सर्वाधिक चर्चिलेला प्रसंग असावा. समीक्षेने यमूची असहायता पाहिली, घरातल्या पुरुषांची क्रूरता पाहिली, हरिभाऊंचा संयम पाहिला. पण पुण्यात ही कादंबरी लिहिली जात असताना मुंबईत त्या कृतीला लागणारा हातच माघार घेत होता, हे दोन्ही एकत्र ठेवून क्वचितच वाचले जाते. कादंबरीच्या शीर्षकातल्या प्रश्नाला, अगदी मर्यादित अर्थाने का होईना, एक उत्तर तेव्हा मिळाले होते. ते धर्मशास्त्राच्या पंडिताकडून आले नाही. ज्यांनी रोज सकाळी पट्ट्यावर वस्तरा फिरवला त्यांच्याकडून आले. ठराव किती काळ पाळला गेला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. केशवपनाची प्रथा पुढेही अनेक वर्षे चालू राहिली, हे आपल्याला आत्मचरित्रांतून माहीत आहे. पण नकार नोंदला गेला, आणि तो देण्यासाठी त्यांनी आपले उत्पन्न पणाला लावले.

पुढचा भाग थोडक्यात. किंग कॅम्प जिलेटच्या सेफ्टी रेझरचे १९०३ साली ५१ नग खपले. १९०४ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि पहिल्या महायुद्धात तो सैनिकांच्या सामानात गेला. त्याची खरी कल्पना पात्याला धार न लावण्याची होती: बोथट झाले की फेका. पुरुष घरी दाढी करू लागले, बलुते आटले, न्हावी दुकानात आला. भारतात १९८६ साली एचआयव्हीची लागण प्रथम आढळली, त्यानंतरच्या काळात एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी करण्याची भीती पसरली आणि दर गिऱ्हाइकाला नवे पाते हा शिरस्ता झाला. तो योग्यच होता. वस्तऱ्याचा आकार राहिला, आत अर्धे ब्लेड आले. निसणा धोकटीतून गेला, मग धोकटीही गेली.

धार मुळात बोथट का होते, याचा उलगडा मात्र अलीकडचा आहे. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, मग तो पोलाद झिजवतो कसा? २०२० साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून दाखवले की धार केवळ घासून गोल होत नाही. केस वाकतो आणि पात्याच्या अंतर्रचनेत जेथे एकसारखेपणा नाही अशा जागी तो कडेचा बारीक टवका उडवतो. न्हाव्याच्या दगडाने हे टवके महिन्यामहिन्याला पुसले जात होते.

आमच्या वस्तीतल्या केशकर्तनालयात एक वयस्क कारागीर आहेत. कागदासकट ब्लेड मधोमध मोडतात, अर्धे वस्तऱ्यात सरकवतात, आणि मग गालाला लावण्यापूर्वी तो वस्तरा पाठ पुढे करून तळहातावर दोनदा फिरवतात. ब्लेड कोरे असते, त्यावर कारखान्यातला लेप असतो, त्याला तळहाताची गरज नसते. मी एकदा विचारले, "काका, नव्या पात्याला हे कशाला?" ते हसले आणि म्हणाले, "वडील फिरवायचे." मग पाण्याची वाटी पुढे ओढून त्यांनी माझा गाल चोळायला घेतला.